सांगणारा आणि सांगकाम्या

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे घराघरांतून काम सांगण्याचे दिवस. एरवी ज्या घरात दिवसाकाठी चार हुकूम सुटत असतील, तिथे या आठवड्यात चाळीस सुटतात. माळ्यावरचे डबे काढा, रवा चाळा, आकाशकंदिलाची वायर तपासा, वाण्याकडून पोहे आणा. आणि जितके हुकूम जास्त तितक्या कुरबुरी जास्त. चिवड्यासाठी पाठवलेला मुलगा जाड पोहे घेऊन परततो. "पातळ म्हटले होते ना?" असे आई म्हणते, "तू नुसते पोहे म्हणालीस," असे मुलगा म्हणतो. साक्षीदार कोणी नसतो. असलाच तर तो घरातला कर्ता पुरुष, आणि तो वर्तमानपत्रामागून डोके काढायला तयार नसतो.

प्रश्न दिसायला किरकोळ आहे. काम सांगणाऱ्याने किती सांगावे? पण थोडा विचार केला, तर हा पोह्यांचा प्रश्न नाही, नीतीचा आहे, असे मला वाटू लागते. काम सांगायचे म्हणजे आपल्या मनातली एक वस्तू दुसऱ्याच्या हातून घडवून घ्यायची. मन तर उघडून दाखवता येत नाही. मग शब्द द्यावे लागतात. थोडे दिले तर समोरचा अंधारात चाचपडतो. फार दिले तर त्याची बुद्धी आपण आपल्याकडे गहाण ठेवून घेतो. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात अविश्वास आहे. या दोन दोषांमधून वाट काढीतच जगातली सगळी कामे होत असतात, किंवा बिघडत असतात.

आपल्या भाषेने या बाबतीत थोडा पक्षपात केला आहे. सांगितले तेवढेच करणाऱ्याला हिणवण्यासाठी तिने 'सांगकाम्या' असा एक चपखल शब्द घडवला. पण अर्धवट सांगणाऱ्यासाठी तसा शब्द मला आठवत नाही. उंटावरचा शहाणा आहे खरा. पण तो बिचारा चुकीचे सांगतो, अपुरे नव्हे. उलट अपुरे सांगणाऱ्याच्या बाजूने 'शहाण्याला शब्दाचा मार' अशी ऐटबाज म्हण तयार आहे. म्हणजे कळले नाही तर वेडा तूच! म्हणी बहुधा काम सांगणाऱ्यांनीच केल्या असाव्यात.

स्वयंपाकघराने मात्र हा प्रश्न आपल्यापुरता फार पूर्वीच सोडवला आहे. करंजीच्या पिठात मोहन किती घालायचे, असे नव्या सुनेने विचारले, तर जुनी बाई तोळ्यामाशांचा हिशेब देत नाही. ती म्हणते, "मोहन चोळल्यावर पिठाचा मुटका वळला पाहिजे." पाक किती वेळ ठेवायचा? "दोनतारी होईपर्यंत." घड्याळाचे नाव नाही, कारण तुमची शेगडी वेगळी, तिची वेगळी. पण बोटांच्या चिमटीत धरलेल्या थेंबाची तार दोघींच्या हातात सारखीच निघते. कृती तुमच्यावर सोपवली. काम झाले की नाही हे ओळखण्याची खूण मात्र नेमकी दिली. शिंप्याकडे जाताना बायका मापाचा ब्लाउज बरोबर नेतात, तोही याच शहाणपणाचा भाग. कात्री कशी चालवायची हे त्याला कोणी सांगत नाही. असा बसला पाहिजे, एवढे दाखवतात.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 साली निघाले आणि घराघरांत पोचले. त्याचे एक कारण असे, की त्यात मापे वाटीची आणि चमच्याची होती. आईपासून आणि सासूपासून दूर, परक्या गावी संसार मांडलेल्या मुलींचा तो आधार झाला. शेजारी उभे राहून "आता पुरे" म्हणणारे माणूस नव्हते, म्हणून पुस्तकाला अधिक बोलावे लागले. इतके बोलूनही पाककृतीच्या पुस्तकांत मीठ बहुधा 'चवीनुसार' असते. ते तसेच असायला हवे. जेवणारा तुमच्या घरचा आहे.

आता हे सारे मला सुचण्याचे कारण चूल नव्हे, संगणक आहे. आमचा हेंद्रेपाडा बदलापूरच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. नावात 'पाडा' राहिला, पण वस्ती शहराची झाली. सकाळी इथली निम्मी तरुण मंडळी स्टेशनाकडे धावतात. त्यांतली काही ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला, महाप्यालाही जातात, संगणकाच्या कंपन्यांत. शेजारची एक मुलगी त्यांतलीच. मी कादंबऱ्या लिहितो हे तिला ठाऊक आहे. एके दिवशी ती म्हणाली, "काका, आमच्या ऑफिसातही गोष्टी लिहितात बरं का. आणि गोष्ट किती मोठी असावी यावरून रोज भांडणे होतात." माझे कान टवकारले. गोष्टीच्या लांबीवरून भांडणारे लोक संपादकांखेरीज दुसरीकडेही असतात, हे मला नवीन होते.

तिने सांगितले ते असे. संगणकाकडून एखादे काम करून घ्यायचे, तर पूर्वी त्याचे शेकडो पानांचे बाड आधी तयार करीत. गिऱ्हाइकाला काय काय हवे ते कलमवार लिहायचे, त्यावर सह्या घ्यायच्या आणि ते बाड कारागिरांच्या हवाली करायचे. दीड-दोन वर्षांनी वस्तू हाती यायची, आणि गिऱ्हाईक म्हणायचे, "लिहिले तसेच आहे, पण मला हे नको होते." 1990 नंतरच्या दशकात केंट बेक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आणि त्याच्या सोबत्यांनी क्रायस्लर या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या पगारपत्रकाचे काम करताना वेगळी वाट धरली. ज्याला ती वस्तू वापरायची त्याने आपली गरज साध्या बोलीत एका लहानशा कार्डावर लिहायची. ही 'युजर स्टोरी', वापरणाऱ्याची गोष्ट. पुढे 2001 च्या सुमारास लंडनच्या कॉनेक्स्ट्रा या कंपनीत तिला एक साचा मिळाला: अमुक माणूस म्हणून मला तमुक हवे, का तर अमक्यासाठी. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी या विचाराचे सतरा जण जमले आणि त्यांनी आपला जाहीरनामा काढला. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारी वस्तू आम्ही अधिक मोलाची मानतो, असे त्यात एक कलम आहे. कागद नकोतच, असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही.

मला त्यांची सर्वांत आवडलेली युक्ती कार्डाच्या आकाराची आहे. कार्ड मुद्दाम छोटे ठेवायचे, म्हणजे त्यावर सगळे मावूच नये! जे मावले नाही ते विचारायला कारागिराने गिऱ्हाइकाकडे उठून यावे. त्यांच्यातल्याच रॉन जेफ्रीज यांनी 2001 साली या गोष्टीची तीन अंगे सांगितली: कार्ड, बोलणे आणि खातरजमा. कार्ड ही नुसती आठवणीची गाठ. खरे काम बोलण्यात. आणि शेवटी काम झाले हे ठरवण्याची खूण. ऐकताना मला वाटले, ही तर पाकाची तार! आपल्या आज्यांनी हे कार्डाशिवाय चालवले होते, एवढेच.

मग भांडण कशाचे? तर कार्ड कागदाचे राहिले नाही. ते पडद्यावर गेले, आणि पडद्यावर जागा संपत नाही. शिवाय गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे. तो झोपतो तेव्हा हे जागे. उठून जाऊन विचारायचे कोणाला? मग कार्डे लांबू लागली. तिच्या कचेरीत दोन तट आहेत म्हणे. एक तट म्हणतो, बटण कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या रंगाचे, इथपर्यंत सगळे लिहून द्या. नंतर तक्रार नको. दुसरा म्हणतो, एक ओळ पुरे. आम्ही काय सांगकामे आहोत? ही मुलगी दोन्हींच्या मध्ये बसते, कारण कार्डे लिहिणे तिच्याकडे आहे.

तिच्या तोंडून हे ऐकल्यापासून माझ्या मनात आपल्या इतिहासातले दोन कागद घोळत राहिले. एक फार छोटा, एक चांगला लांब.

छोटा कागद सर्वांच्या ओळखीचा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. आख्यायिका अशी, की राघोबादादांनी गारद्यांना 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला. अक्षर खरोखर बदलले की नाही, हा वाद इतिहासकारांचा. पण सव्वादोनशेहून अधिक वर्षे ही कथा लोकांच्या तोंडी राहिली, याचे कारण तिच्यात प्रत्येक काम सांगणाऱ्याच्या मनातली एक भीती आहे. मला त्या कथेत अक्षरापेक्षा त्याच्या भोवतालची मोकळी जागा अधिक भयंकर वाटते. धरून काय करायचे? कुठे ठेवायचे? त्याने विरोध केला तर कुठपर्यंत जायचे? याबद्दल हुकूम मुका आहे. धरून अमुक महालात ठेवावे, अन्नपाणी वेळेवर द्यावे, अंगाला धक्का लागू नये, एवढे पुढे असते, तर एका अक्षराने काय साधले असते? 'मारावे' आणि 'अन्नपाणी द्यावे' ही शेजारी नांदणारी वाक्ये नव्हेत. हेतू आणि मर्यादा लिहिलेला हुकूम सहसा फिरवता येत नाही. कारण त्यातला एक शब्द हलवला की बाकीचे शब्द ओरडतात.

आणि मला कधी कधी अशीही शंका येते, की काही हुकूम मुद्दाम मुके ठेवलेले असतात. घडले ते मनासारखे घडले तर आपले; नाही तर "मी असे कुठे म्हटले होते?" असे म्हणायला वाट मोकळी. हा आळस नव्हे. सांगणाऱ्याने स्वतःसाठी राखून ठेवलेला मागचा दरवाजा आहे तो. पेशव्यांच्या वाड्यातच असे दरवाजे असतात असे नाही. माझ्या परिचयाच्या कितीतरी घरांत आणि कचेऱ्यांत ते आहेत.

लांब कागद याच्या अगदी उलट. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचे. शाळेत मुलांना मी त्याचा सारांश सांगतो, तेव्हा त्यांना आधी हसू येते. एवढा मोठा राजा, आणि पत्रात उंदीर! पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणा आणि वैरण साठवून ठेवली आहे, ती आताच बेहिशेबी उधळाल तर पावसात मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील. म्हणजे ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही गावोगाव सुटाल. कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जी गरीब माणसे जीव धरून राहिली आहेत तीही गाव सोडतील आणि त्यांना तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल. इतके सांगून पत्र आगीकडे वळते. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील. रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल. गवताची गंजी पेटली की पागा गेली. नंतर कोणाची मान मारली तरी त्या वेळी एक लाकूड की एक काडी मिळणार नाही.

उंदरापर्यंत जाणे हा अविश्वास म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. पत्रातली प्रत्येक बारीक गोष्ट एका कारणाला बांधलेली आहे. दिवा का विझवायचा, तर वात. वात का, तर गंजी. गंजी का, तर घोडे. घोडे का, तर शेवटी तो कुणबी. ज्या हवालदाराने हे ऐकले त्याला, पत्रात न लिहिलेली एखादी गोष्ट समोर आली, तरी काय करावे ते उमगले असते. पत्रात मांजराचा उल्लेख नाही. पण मांजराने दिवा लवंडला तर "आम्हाला उंदराचेच सांगितले होते" असे म्हणणारा हवालदार त्या पत्राने शिल्लकच ठेवला नाही. कारणासकट दिलेला तपशील माणसाला सांगकाम्या करीत नाही. कारण काढून घेतलेला तपशील करतो.

आणखी दोन गोष्टी त्या पत्रामागे उभ्या आहेत. पावसाळा तोंडावर आला होता. कोकणातल्या वाटा एकदा बंद झाल्या, की शंका विचारायला रायगडी कोण जाणार? जिथे परत येऊन विचारण्याची सोय नाही, तिथे जे सांगायचे ते आधीच सांगावे लागते, 'रुचिरा'च्या वाटी-चमच्यासारखेच. दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. छावणीत चूक झाली, तर तिचा भुर्दंड चूक करणाऱ्यावर पडणार नव्हता, आणि सांगणाऱ्यावरही नव्हता. तो पडणार होता त्या कुणब्यावर, ज्याला कोणी विचारले नव्हते आणि ज्याला ते पत्र वाचताही आले नसते. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात जो तिसरा माणूस हजर नसतो, त्याच्या वाटचे बोलणे सांगणाऱ्याकडे असते. माझ्या मते, तपशील किती द्यावा याचे खरे माप इथे आहे: चुकले तर कोणाच्या ताटातले जाणार? माझ्या ताटातले जाणार असेल, तर मी खुशाल अर्धवट सांगावे.

त्याच महाराजांचे 5 सप्टेंबर 1676 चे, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र शेजारी ठेवले, की हे अधिक स्पष्ट होते. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याला शेत कसण्याचे बळ आहे पण बैल नाही, खायला दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्या, दाणे द्या, आणि वाढीदिढी न करता मुद्दल हळूहळू परत घ्या, असे ते पत्र आहे. कोणत्या गावच्या कोणाला किती, हे त्यात नाही. ते रामाजी अनंतांनी डोळ्यांनी पाहून ठरवायचे आहे. पण व्याज घ्यायचे नाही, हे मात्र लिहिलेले आहे. कारण ते मोघम ठेवले असते, तर कुणब्याच्या अंगावर आले असते. जिथे सैल सोडायचे तिथे सोडले आहे, आणि जिथे गरीब माणूस चिरडला जाईल तिथे गाठ मारली आहे.

मग कमी सांगून भागते ते केव्हा? आमच्या जवळच अंबरनाथचे शिवालय आहे. तिथल्या शिलालेखात शके 982 हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातले. त्या भिंतींवर देव, देवता, नर्तकी यांची इतकी दाटी आहे, की एक प्रदक्षिणा घालताना मान दुखून येते. प्रत्येक मूर्तीचा हात कसा असावा हे राजाने कारागिराला सांगितले असेल, हे संभवत नाही. सांगायची गरजच नव्हती. कुठल्या देवाच्या हातात काय, हे दोघांनाही एकाच परंपरेने शिकवले होते. जुन्या वाड्यांतून 'नेहमीसारखे' या एका शब्दावर अख्खा श्रावण पार पडे, तो याच बळावर. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, पण दोघांची पाठशाळा एक असेल तर.

आज आमच्या इमारतीत गिरगावातून आलेले आहेत, लालबागेतले आहेत, साताऱ्याचे आहेत, जळगावचे आहेत. या सगळ्यांचे 'नेहमी' वेगवेगळे. गणपतीच्या प्रसादाला 'नेहमीसारखी खिरापत' म्हटल्यावर पाच घरांतून पाच पदार्थ आले होते आणि पाचही खिरापतच होते. तिथे शब्द वाढवावे लागतात. त्यात कोणी कमीपणा मानू नये.

पण शब्द वाढवणे म्हणजे तपशील देणे नव्हे, हेही आम्ही नदीकाठी राहून शिकलो आहोत. 26 जुलै 2005 चा पूर इथल्या जुन्या लोकांच्या अजून अंगावर येतो. 2019 च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास उतारूंना बाहेर काढावे लागले, ते तर साऱ्या देशाने पाहिले. तेव्हापासून जुलै आला की आम्हा सर्वांचे कान सूचनांकडे असतात. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी साडेसतरा मीटर. आकडा अगदी काटेकोर. पण तळमजल्यावर राहणाऱ्या बाईला साडेसतरा मीटर म्हणजे आपल्या उंबऱ्याच्या किती खाली, हे कसे कळावे? आणि 'नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे' या वाक्याने तिने नेमके काय करावे? रात्रभर दारात उभे राहावे? आकडा आहे, वाक्य आहे, व्याकरणही शुद्ध आहे. फक्त तिला उपयोगी पडेल असे काही नाही. उलट नदीकडून धावत आलेला एखादा मुलगा जिन्यात ओरडतो, "चौपाटीवर पाणी आले, गाड्या वर काढा, तळमजल्यावाल्यांनी गादी-धान्य वर न्या!" आणि दहा मिनिटांत सगळी इमारत कामाला लागते. काय झाले, कोणी काय करायचे, सगळे एका श्वासात. त्या मुलाला मीटर ठाऊक नाहीत. पण तळमजल्यावर कोण राहते, हे त्याला ठाऊक आहे.

तपशील दोन जातींचा असतो. एक ऐकणाऱ्याच्या उपयोगासाठी दिलेला, दुसरा सांगणाऱ्याच्या बचावासाठी लिहिलेला. दुसऱ्या जातीचे कागद आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. सोळा कलमे, सात पोटकलमे. वाचून काही कळत नाही, पण उद्या काही बिघडले तर "आम्ही लिहिले होते" असे दाखवायला ते तयार असतात. मघाच्या मुक्या हुकुमाचाच हा बडबड्या भाऊ. एक कमी बोलून जबाबदारी टाळतो, दुसरा फार बोलून. शेजारच्या मुलीच्या कचेरीतले ते दोन तट मला एका अर्थी एकाच घरचे वाटतात. बटणाचा रंग लिहून मागणाऱ्याला नंतर तक्रार नको आहे. एक ओळ पुरे म्हणणाऱ्याला आता त्रास नको आहे. वापरणाऱ्याला काय हवे, हा प्रश्न दोघांच्याही खिजगणतीत असेलच असे नाही.

मास्तर म्हणून मला अति सांगण्याचा दुष्परिणाम रोज पाहायला मिळतो, म्हणून त्याबद्दल थोडे. मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, हा मराठीच्या तासाचा जुना प्रकार. फळ्यावर चार मुद्दे दिले: लाकूडतोड्या, नदी, कुऱ्हाड, देवता. तर चाळीस वह्यांतून दहा-बारा तरी निरनिराळ्या गोष्टी निघतात. एका मुलीने कुऱ्हाड हरवल्यावर लाकूडतोड्याची बायको घरी काय बोलली, तेच दीड पान लिहिले होते. देवता शेवटच्या ओळीत घाईघाईने येऊन गेली. मला ती गोष्ट फार आवडली. तेच बारा मुद्दे दिले, की चाळीस वह्यांत एकच गोष्ट चाळीस वेळा येते, आणि चुका देखील त्याच. पण परीक्षेच्या वेळी पालक बारा मुद्देच मागतात, हेही खरे; गुण कशाला मिळतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. गोष्ट बिघडली तर तिथे कोणाच्या ताटातले जात नाही, म्हणून मी अजून चारच देतो.

शेजारच्या मुलीला मात्र चार मुद्द्यांवर भागवता येईना. तिच्या कचेरीत काम आले होते, खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना यंत्रावर अंगठा टेकवून आपल्या खात्यातले पैसे काढता यावेत अशी सोय करण्याचे. कार्ड तयार होते आणि साच्यात चपखल बसले होते: खातेदार म्हणून मला अंगठा लावून पैसे मिळावेत, का तर तालुक्याला खेप घालावी लागू नये. कोणीही मान डोलवावी असे. मी विचारले, "अंगठा उमटला नाही तर?" ती म्हणाली, "तर 'पुन्हा प्रयत्न करा' असे येईल." जन्मभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या, भात लावलेल्या बोटांच्या रेषा झिजून जातात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत, ही काही गुपित गोष्ट नव्हे. ती त्या कार्डाच्या बैठकीला असलेल्या एकाही माणसाच्या हाताला ठाऊक नव्हती, इतकेच. सगळ्यांचे अंगठे गुळगुळीत पडद्यावर फिरून फिरून मऊ झालेले.

पुढच्या शनिवारी तिला सुट्टी होती. ती रेशनच्या दुकानावर गेली, धान्य घ्यायला नव्हे, रांग पाहायला. तिथेही अंगठाच लागतो. तासभर कडेला उभी राहिली आणि घरी येऊन तिने मला टिपण दाखवले. एका आजींनी आधी उजवा अंगठा लावला, मग बोट पदराला पुसले, मग केसांवरून फिरवून थोडे तेल लावले, मग डाव्या हाताचे बोट. चौथ्या खेपेला यंत्र बोलले. त्यांच्या मागच्या बाईचे पाचव्या खेपेलाही बोलले नाही. दुकानदाराने तिला बाजूला बसवले आणि मागच्यांचे उरकू लागला. ती बाई पिशवीची घडी मांडीवर ठेवून बसली होती. कोणावर रागावली नव्हती. टिपणात ही शेवटची ओळही होती, आणि तिच्यापुढे कंसात: 'किती वेळ बसेल? कोणाला विचारेल?'

"हे सगळे कार्डावर घालू का?" तिने मला विचारले.

"जागा आहे का?"

"पडद्यावर जागाच जागा आहे, काका. वाचणारे मात्र दोन ओळींपुढे जात नाहीत."

मग आम्ही दोघे बसून त्या दोन ओळी लिहू लागलो. पहिलीत ती पिशवी घेऊन बसलेली बाई आली. दुसरी अजून जमत नाही.